परिचारिकेचा शीण आणि रुग्णाची खाट

इस्पितळात दहा-पंधरा दिवस काढून घरी परतलेल्या माणसाची विचारपूस करावयास वाड्यावरची मंडळी जमली, म्हणजे बोलणे कोठूनही सुरू झाले तरी ते एकदा परिचारिकेवर येतेच. शस्त्रक्रिया कोणी केली, गोळ्या कोणत्या दिल्या, हे सांगताना रोग्याला आठवावे लागते. परंतु अमुक सिस्टरने रात्री दोनदा हाक मारूनही ओ दिली नाही, तमुक सिस्टर पाणी मागितले म्हणून खेकसली, हे त्याच्या ध्यानात पक्के राहिलेले असते. ऐकणारे माना डोलावतात. पूर्वीच्या सिस्टर अशा नव्हत्या, असे कोणी वृद्ध गृहस्थ म्हणतात, आणि निकाल लागतो : हल्लीच्या मुलींत सेवाभाव म्हणून उरला नाही.

हा निकाल आम्हांस घाईचा वाटतो. खेकसणे योग्य होते असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. जो माणूस स्वतःच्या हाताने कूसही बदलू शकत नाही त्याला कठोर शब्द किती लागतो, हे आजारपण भोगलेल्या कोणासही सांगावयास नको. परंतु परिचारिका म्हणजे कोणी परकी बाई नव्हे. आमच्या वाचकांपैकी कितीतरी घरांतील मुली आज हे काम करीत आहेत. कोणी बेळगावी, कोणी मुंबईस, कोणी दूर आखाती देशांत. शिकावयास निघताना तीच मुलगी शेजारच्या आजीचे पाय चेपीत होती, हे आपण पाहिलेले असते. मग पाच-सात वर्षांत तिच्या बोलण्यातला ओलावा जातो कोठे? तो आटतो, तेव्हा केवळ तिचेच नुकसान होते, की खाटेवरच्या माणसाचेही? या प्रश्नांचा शोध गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ विद्वानांनी घेतला आहे, आणि त्यांची उत्तरे आपल्या वाड्यावरील निकालाशी जुळत नाहीत.

इंग्रजीत या अवस्थेला बर्नआउट असे नाव आहे. आपल्याकडे शीण, थकवा, वीट असे शब्द आहेत, पण ते थोडे अपुरे पडतात. शेतावरून आलेला माणूसही शिणलेला असतो. तो जेवतो, झोपतो आणि पहाटे ताजा होऊन उठतो. ज्यांच्या घरी अजून देवापुढे तेलाचा दिवा लागतो त्यांना ही गोष्ट लवकर समजेल. तेल आहे तोवर वात जळत नाही, तेलच जळते. तेल सरले की वात स्वतःच जळू लागते. उजेड थोडा वेळ तसाच दिसतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. आधी वास येतो, मग काजळी धरते.

न्यूयॉर्क शहरात गरिबांसाठी चालणाऱ्या एका मोफत दवाखान्यात हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ आपले दिवसाचे काम आटोपून रात्री सेवा करीत. उत्साहाने आलेले कार्यकर्ते वर्षभरात कसे कोरडे, चिडके आणि उदास होतात हे त्यांनी तेथे पाहिले, स्वतःतही अनुभवले, आणि १९७४ साली त्यावर लेख लिहून या अवस्थेचे नाव रूढ केले. पुढे १९८१ मध्ये ख्रिस्तिना मास्लाक व सुसान जॅक्सन या दोन विदुषींनी तिचे मोजमाप करण्याची प्रश्नावली तयार केली. त्यांनी तीन लक्षणे सांगितली : मन पार रिते होणे, समोरच्या माणसाविषयी बेपर्वाई येणे, आणि आपण करतो त्या कामाचा काही उपयोग नाही असे वाटू लागणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगांच्या वर्गीकरणात या अवस्थेची नोंद घेतली. पण घेताना स्पष्ट म्हटले की हा रोग नव्हे, तर कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट आवरला न गेल्याचा हा परिणाम आहे. हे शब्द विचार करण्याजोगे आहेत. दोषाचे मूळ त्यांनी माणसाच्या स्वभावात दाखविले नाही. ते कामाच्या ठिकाणी दाखविले.

तीन लक्षणांपैकी दुसरे आम्हांस सर्वांत दुःखद वाटते. नवी परिचारिका रोग्याला 'काका', 'मावशी' म्हणते. तिला त्याचे गाव माहीत असते, त्याची नात कितवीत आहे हेही माहीत असते. काही वर्षांनी तोच रोगी 'बारा नंबर' होतो. 'बारा नंबरचे सलाईन संपले', 'बारा नंबर गेला'. बाहेरच्या माणसाला हे निर्दयपण दिसते. वास्तविक ते पुष्कळदा स्वतःचा जीव वाचविण्याची धडपड असते. ज्याचे नाव घेतले त्याचा मृत्यू मनाला लागतो, खाटेच्या आकड्याचा तितका लागत नाही. दर आठवड्यास कोणाच्या ना कोणाच्या उशाशी उभे राहून त्याचे डोळे मिटावयाचे, आणि पाचव्या मिनिटास शेजारच्या खाटेवरील माणसाला हसतमुखाने औषध द्यावयाचे, हे ज्यांना करावे लागते त्यांनी मनाभोवती कुंपण घातले तर नवल नाही. दुर्दैव एवढेच की ते कुंपण दुःखाला अडविते तसे दयेलाही अडविते. आणि घरी गेल्यावर आपल्या मुलांशी बोलतानाही ते काढून ठेवता येत नाही.

आता वॉर्डातील एका रात्रीचा हिशेब मांडून पाहू. भारतीय परिचर्या परिषदेने घालून दिलेले प्रमाण असे की, वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक व इतर सामान्य रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. शिवाय रजा-आजारपणासाठी शेकडा ३० जादा परिचारिका हाताशी असाव्यात. कागदावरील हे प्रमाण चांगले आहे. प्रत्यक्षात तीस-चाळीस खाटांच्या वॉर्डात रात्री एक किंवा दोन परिचारिका, हे दृश्य आपल्या देशात अपूर्व नाही. रात्रपाळी बारा तासांची धरली तर ती ७२० मिनिटांची झाली. एक परिचारिका आणि चाळीस रुग्ण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला १८ मिनिटे येतात. तीही तिने एकदाही पाणी प्यावयास बसावयाचे नाही असे ठरविले तर. एवढ्यात ताप व रक्तदाब पाहणे, इंजेक्शने, सलाईन बदलणे, बेडपॅन देणे, नवा रोगी आला तर त्याची व्यवस्था, कोणी दगावला तर त्याची व्यवस्था, आणि या सगळ्याची लेखी नोंद.

ज्या रोग्याला हलता येत नाही त्याची कूस दर दोन तासांनी बदलावी असा शुश्रूषेचा नियम आहे. नाही तर पाठीला व कमरेला जखमा पडतात. बारा तासांत हे सहा वेळा झाले. असे पाच रोगी असले तर तीस वेळा. प्रत्येक वेळी दोन माणसांचे हात लागतात, आणि घाई केली तरी पाच मिनिटे मोडतात. म्हणजे अडीच तास याच एका कामात गेले. ते वेळेवर झाले नाही तर सकाळी कोणी विचारीत नाही. जखम दिसते ती आठवड्याने, आणि तेव्हा ती कोणत्या रात्रीची हे सांगता येत नाही. शिणलेली परिचारिका काय टाळते? जे टाळलेले लगेच दिसत नाही ते. कूस बदलणे, दोन रोग्यांच्या मध्ये हात धुणे, घाबरलेल्या माणसाजवळ क्षणभर उभे राहणे. इंजेक्शन टाळता येत नाही, कारण त्याची नोंद असते. माया टाळता येते.

याचा परिणाम मोजता येतो काय? अमेरिकेतील पेन्सिल्व्हानिया राज्यात लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोजला आणि २००२ साली प्रसिद्ध केला. १६८ रुग्णालये, दहा हजारांहून अधिक परिचारिका आणि शस्त्रक्रिया झालेले दोन लाख बत्तीस हजारांवर रुग्ण, एवढा मोठा तो पसारा होता. त्यात आढळले असे की एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला, की रुग्ण महिनाभरात दगावण्याची शक्यता शेकडा ७ ने वाढते आणि परिचारिका या शिणाला बळी पडण्याची शक्यता शेकडा २३ ने वाढते. चार रुग्ण सांभाळणाऱ्या परिचारिकेच्या जागी आठ सांभाळणारी असली तर मृत्यूची शक्यता शेकडा ३१ ने अधिक. पुढे २०१४ मध्ये युरोपातील नऊ देशांतून केलेल्या पाहणीतही दर रुग्णामागे हाच शेकडा ७ चा आकडा आला.

हे कसे घडते, हे समजावून घेतले पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर रोगी बहुधा एकाएकी जात नाही. आधी नाडी थोडी जलद होते, श्वास किंचित वाढतो, माणूस उगाच चुळबुळ करू लागतो, काहीतरी असंबद्ध बोलतो. डॉक्टर त्या वेळी तेथे नसतात. ही चिन्हे पाहणारे डोळे एकट्या परिचारिकेचे. पहाटे तीन वाजता ती त्या खाटेपाशी थांबली तर डॉक्टरांना वेळेवर बोलावणे जाते. ती पुढे सरकली, किंवा तिने पाहिले पण मनाने नोंदले नाही, तर सकाळची फेरी येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

त्याच राज्यातील १६१ रुग्णालयांविषयीची दुसरी एक पाहणी २०१२ साली पुढे आली. फार शिणलेल्या परिचारिकांचे प्रमाण शेकडा १० ने अधिक असेल तेथे दर हजार रुग्णांमागे लघवीच्या नळीतून होणारा संसर्ग सुमारे एकाने आणि शस्त्रक्रियेच्या जखमेतील संसर्ग सुमारे दोनाने अधिक दिसला. पाळीच्या लांबीचाही असाच अनुभव आहे. अमेरिकेत ३९३ परिचारिकांनी रोजच्या कामाची व चुकांची वही ठेवली. २००४ मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. साडेबारा तास किंवा त्याहून लांब पाळी झाली की चूक होण्याची शक्यता तिप्पट होते, असे त्यांत दिसले. औषध देताना योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हा पाठ प्रत्येक परिचारिकेला शिकविलेला असतो, आणि तिला तो तोंडपाठही असतो. तेराव्या तासाला विसरतो तो पाठ नव्हे. समोरची बाटली कोणती, हे डोळ्यांनी वाचूनही मनात उतरत नाही.

मग परिचारिका बोलत का नाहीत? बोलतात, आपण ऐकत नाही. पुष्कळ जणींना बोलण्याची सोयही नसते. शिक्षणासाठी घराने कर्ज काढलेले असते, धाकट्या भावाची फी तिच्या पगारातून जाते, आणि नोकरी कंत्राटी असते. खाजगी रुग्णालयांतील पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशावरून केंद्र सरकारने समिती नेमली. लहानात लहान रुग्णालयातही महिना २०,००० रुपयांहून कमी पगार नसावा आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयांनी सरकारी परिचारिकांइतका पगार द्यावा, अशी शिफारस त्या समितीने केली. केरळात २०१७ साली परिचारिका संपावर उतरल्या त्या याच कारणासाठी. शिफारस आणि पगारपत्रक यांत अंतर किती, हे ज्यांच्या मुली या नोकरीत आहेत त्यांना आम्ही सांगावयास नको.

आपण मात्र त्यांना एक गोष्ट भरभरून दिली : स्तुती. २२ मार्च २०२० रोजी सबंध देशाने दारात उभे राहून त्यांच्यासाठी थाळ्या वाजविल्या. ३ मे रोजी रुग्णालयांवर आकाशातून फुले पडली. ती भावना खोटी होती असे आम्हांस वाटत नाही. परंतु त्याच मे महिन्यात कोलकत्यातील खाजगी रुग्णालयांतून मणिपूर व इतर राज्यांच्या शेकडो परिचारिका काम सोडून आपापल्या गावी निघून गेल्या. कोणाला घरमालक जागा देईनात, कोणाला पुरेशी संरक्षक साधने मिळेनात, कोणाच्या घरचे लोक रोज फोनवर रडत होते. फुलांनी यांतले काहीच भागण्यासारखे नव्हते.

'सेवा' आणि 'त्याग' हे शब्द आपल्या ख्रिस्ती घरांतून फार आदराने उच्चारले जातात, व ते योग्यच आहे. तथापि या शब्दांची एक सोयही होते, हे बोलल्यावाचून आम्हांस राहवत नाही. दोन परिचारिकांचे काम एकीवर टाकावयाचे आणि तिने तक्रार केली तर तिला त्यागाची आठवण द्यावयाची, असे कोणी केले तर तो शब्द काटकसरीच्या कामी आला असे म्हणावे लागेल. आपल्या धर्मभगिनींच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच नाजूक आहे. घरची परिचारिका पाळी संपल्यावर निदान घरी तरी जाते. मठातील सिस्टरची वॉर्डातील पाळी संपली की प्रार्थना, मठातील कामे, आजारी भगिनींची शुश्रूषा आणि गावातील भेटी सुरू होतात; आणि 'मी थकले' हे शब्द तिच्या तोंडी शोभत नाहीत अशी समजूत आपण सर्वांनी मिळून करून ठेवली आहे. भारतातील कॅथलिक रुग्णालयांची संघटना सिस्टर मेरी ग्लावरी यांनी १९४३ साली स्थापन केली. त्या स्वतः डॉक्टर होत्या आणि गुंटूर येथे स्त्रिया व मुले यांच्या दवाखान्यात त्यांनी आयुष्य वेचले. अशा परंपरेतील संस्थांनी पाळ्यांचा व रुग्णसंख्येचा हिशेब सर्वांआधी स्वच्छ ठेवावा, अशी अपेक्षा केली तर ती गैर ठरू नये.

पवित्र शास्त्रात एलिया संदेष्ट्याची हकीकत आहे, राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात. ईजबेल राणीच्या भयाने पळालेला, पार खचलेला तो देवमाणूस रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो आणि तसाच झोपी जातो. देवदूत येतो तो त्याला कर्तव्याची आठवण देत नाही, अल्पविश्वासी म्हणून रागेही भरत नाही. तो त्याला उठवून भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुंजा दाखवितो. एलिया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो, आणि मग दुसऱ्यांदा उठवून खावयास घालतो. पुढच्या चाळीस दिवसांच्या वाटचालीची गोष्ट निघते ती त्यानंतर.

घरच्या माणसांच्या हाती यांतले काय आहे? रात्रपाळीची मुलगी सकाळी घरी आली की तिला खरोखरच झोपू द्यावे. दिवसा झोपणारी सून आळशी, असे म्हणणारी सासू अजूनही ठिकठिकाणी आहे. रजेवर आलेल्या मुलीपुढे वाड्यावरची माणसे रक्तदाब मोजून घ्यावयास आणि इंजेक्शने टोचून घ्यावयास रांग लावतात, त्यांना घरच्यांनी गोडीने परत पाठवावे. चार दिवस तिला कोणी सिस्टर म्हणू नये. ती कामाविषयी अजिबात बोलेनाशी झाली, सुट्टी संपत आली की तिला झोप लागेनाशी झाली, 'कशाला जगवतो आपण यांना' असे काही तिच्या तोंडून निघाले, तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नये. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारने टेलि-मानस नावाची विनामूल्य फोन-सेवा चालविली आहे, १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते.

आपला माणूस इस्पितळात असेल तर आणखी एक पथ्य. एका रोग्याजवळ आठ माणसे आणि आठांनी आठ वेळा तीच विचारणा, असे करू नये. विचारावयाचे ते घरच्या एकाने विचारावे. परिचारिका औषधांचा ट्रे घेऊन निघाली असेल तेव्हा तिला मध्येच थांबवू नये. 'आमच्या पेशंटचे जरा बघा हो' म्हणून तिचा हात धरला, की तिच्या हातातील बाटली कोणाची हे विसरण्याचा धोका दुसऱ्याच कोणाच्या खाटेवर जातो.

परंतु घरच्या मायेने वॉर्डातील खाटा कमी होत नाहीत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९९९ साली कायदा करून एका परिचारिकेकडे अधिकात अधिक किती रुग्ण असावेत याला मर्यादा घातली. २००४ पासून ती अमलात आली, आणि तेथील परिचारिकांत हा शीण शेजारच्या नव्हे पण तुलनेस घेतलेल्या इतर राज्यांहून कमी आढळला. आपल्याकडे प्रमाण आहे, पण ते पाळले जाते की नाही हे पाहणारे डोळे थोडे आहेत. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाल्यावर सरकारी रुग्णालयांतून रुग्ण कल्याण समित्या स्थापन झाल्या. त्यांत स्थानिक लोकप्रतिनिधी असतात. कोठे कोठे आपल्या ओळखीचेच कोणी असते. इमारतीला रंग, नवा पंखा, पाण्याची टाकी, हे विषय त्या बैठकांत निघतात. गेल्या महिन्यात रात्रीच्या पाळीला कोणत्या वॉर्डात किती रुग्ण होते आणि किती परिचारिका होत्या, रजेवर गेलेलीच्या जागी कोण आले आणि कोणीच आले नाही अशा रात्री किती, एवढे तेथे विचारावे. उत्तर तोंडी घेऊ नये. ड्यूटीचा तक्ता प्रत्येक वॉर्डात परिचारिकांच्या टेबलामागे भिंतीवर लावलेला असतो. तो मागवून समोर ठेवावा.